जाऊबाईंचा ठोका

“मी वेळेवरच दाबलं,” जाऊबाई म्हणाल्या.

पडद्यावर लाल चमक उठली आणि विझली.

“पुन्हा करू हं, काकू,” थेरपिस्ट पोरगी म्हणाली. आवाज अगदी लहान मुलाला औषध पाजतानाचा. “ठोका आला की लगेच दाबायचं. थांबायचं नाही.”

“थांबतंय कोण? ठोका आला, मी दाबलं. तुझं यंत्रच मागाहून जागं होतंय.”

पोरगी गोड हसली आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहू लागली. टेबलाखाली प्रिंटरची वायर ओढत बसलेल्या वायरबाईंना कागद दिसत नव्हता, पण शब्द माहीत होते. या खोलीत कुणी यंत्राविरुद्ध तोंड उघडलं की तेच तीन शब्द लिहिले जात: रुग्णाला तसं वाटतं.

वायरबाईंना खरं नाव होतं, पण ते गळ्यातल्या ओळखपत्रापुरतं. खांद्यावर सदा वायरचं एखादं वेटोळं असायचं, म्हणून कधीकाळी एका रुग्णाने ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. केंद्रातले सगळे संगणक त्यांच्या हाताखालचे. हे केंद्र अर्धांगाचा झटका येऊन हात लुळा पडलेल्यांसाठी होतं, आणि आता इथे खुर्चीत बसलेली बाई त्यांची सख्खी मोठी जाऊ होती.

खेळ तसा पोरासोरांचा. गाणं वाजतं, पडद्यावरून रंगीत पट्ट्या खाली घसरतात. पट्टी खालच्या रेघेला टेकते त्याच क्षणी ठोका ऐकू येतो, आणि त्याच रंगाचं मोठं बटण दाबायचं. बरोबर जमलं तर हिरवी चमक, घाई झाली तर पिवळी, उशीर झाला तर लाल. थेरपिस्ट पोरीनेच तो शोधून आणला होता आणि त्याबद्दल तिला दुवा द्यायला हवा होता, कारण चेंडू दाबून कंटाळलेले लोक हा खेळ खेळताना आपला हात आजारी आहे हेच विसरत.

खेळ बनला होता विंडोजसाठी. केंद्रातले संगणक म्हातारे झाले, नव्या विंडोजचं ओझं त्यांना पेलवेना, तेव्हा प्रमुखांनी फर्मान काढलं की सगळीकडे विंडोजऐवजी हलकं लिनक्स घाला. वायरबाईंनी एकटीने ते काम केलं. खेळ लिनक्सवर थेट उघडेना, म्हणून मध्ये एक दुभाषी प्रोग्राम बसवला. तो खेळाला विंडोजमध्येच असल्याचं भासवायचा. जुन्या विंडोजमधली एकूण एक सेटिंग त्यांनी जपून लिनक्सवर आणली. लेकीचं सासरी सामान पाठवताना वाटी-चमचाही राहू नये, तशी. खेळ उघडला, गाणं वाजलं, पट्ट्या घसरू लागल्या. प्रमुखांनी दारातूनच विचारलं, “चालतंय?” वायरबाई म्हणाल्या, “चालतंय.” त्या दिवशी त्यांना स्वतःचं मोठं कौतुक वाटलं होतं.

आणि त्या दिवसापासून खोलीत लाल चमकू लागलं.

“माझं बघा, माझं!” शेजारच्या खुर्चीतून ड्रायव्हरकाका ओरडले. जन्मभर बस चालवलेला माणूस. डावा हात गेला तरी आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा. त्यांच्या पडद्यावर हिरवंगार शेत पिकलं होतं. “काकू, तुम्ही फार सरळ आहात. कानावर विश्वास ठेवायचाच नाही. पट्टी रेघेच्या वर आहे तोवर हाणायचं. यंत्र म्हणतं, शाब्बास!”

“ठोका वाजायच्या आधी?”

“मग! सिग्नल पडायच्या आधी गाडी काढतात तसं.”

“म्हणूनच तुमच्या बसमध्ये मी कधी बसले नाही,” जाऊबाई म्हणाल्या, आणि ड्रायव्हरकाका स्वतःच सगळ्यात मोठ्याने हसले.

टेबलाखाली वायरबाईंचा हात मात्र थांबला. ठोक्याच्या आधी दाबणाऱ्याला हिरवं आणि ठोक्यावर दाबणारीला लाल? जाऊबाईंचा ठोका चुकेल यावर त्यांचा विश्वास बसणं शक्यच नव्हतं. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा पुढच्या खोलीत जाऊबाईंचा टायपिंगचा क्लास होता. लाकडी पट्टी टेबलावर टक, टक, टक आपटायच्या आणि त्या ठोक्यावर सगळ्या मुलींची बोटं एकदम पडायची. नवी नवरी म्हणून बुजलेली धाकटी जाऊ त्याच ठोक्यावर टायपिंग शिकली, त्याच जोरावर नोकरीला लागली. मोठीने तिला कधी जवळ घेऊन लाड केले नाहीत. बोटं चुकली की पट्टी टेबलावर जरा जोरात पडायची, एवढंच.

त्यांनी वायर तिथेच टाकली आणि प्रमुखांच्या खोलीकडे निघाल्या.

वायरबाईंचा एक नेम होता. सकाळी देवापुढे हात जोडताना त्या रोज तोच एक शब्द द्यायच्या: आज खोटं बोलणार नाही आणि आवाज चढवणार नाही. पहिला अर्धा पाळणं त्यांना सोपं जायचं. दुसऱ्या अर्ध्याची परीक्षा बहुतेक प्रमुखांच्या खोलीतच व्हायची.

“साहेब, पट्ट्यांच्या खेळात उशीर आहे. आवाज मागून येतो, बटणही मागून पोचतं. लोक बरोबर दाबतात आणि आपण त्यांना चूक ठरवतो.”

प्रमुख वाईट माणूस नव्हते. फक्त त्यांना आकडे आवडायचे, कारण आकडे परत उत्तर देत नाहीत. खेळातल्या हिरव्याची टक्केवारी ते दर आढाव्याला फळ्यावर लावायचे. ज्याचं हिरवं वाढलं नाही त्याची जागा प्रतीक्षेतल्या पुढच्या माणसाला जायची. बाहेर माणसं ताटकळत होती, तेही खोटं नव्हतं.

“चला, आत्ताच बघू,” म्हणत ते उठले. खोलीत येऊन त्यांनी स्वतः खेळाचं एक बटण दाबलं, ज्याने खेळ आपला आपणच खेळतो. पट्ट्या घसरल्या. हिरवं, हिरवं, हिरवं. शेवटी आकडा आला, शंभर.

“झालं समाधान? यंत्र शंभर टक्के अचूक आहे.”

“साहेब, तो प्रश्नही स्वतःच काढतो आणि उत्तरही स्वतःच लिहितो. त्याला ठोका कानाने ऐकावा लागत नाही, बोटाने बटण दाबावं लागत नाही. उशीर होतोय तो त्या वाटेवर.”

“पण चालतंय असं तुम्हीच म्हणाला होतात ना?”

वायरबाई तसं म्हणाल्या होत्या.

“आणि ती रुग्ण तुमच्या घरातलीच ना?” प्रमुखांनी हळूच विचारलं, जणू पदराला लागलेला डाग दाखवावा. “नात्यातल्या माणसाबद्दल आपल्याला वाटतं असं. शुक्रवारी आढावा आहे, त्यात काय ते दिसेलच.”

वायरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ड्रायव्हरकाकांसारखे एखादे सोडले तर वीस जण त्या खुर्च्यांत बसून रोज लाल खात होते. वीसही जणांना ‘तसं वाटतं’, आणि यंत्राला तेवढं कळतं! माणसाचा अर्धा देह आधीच त्याचं ऐकेनासा झालेला. त्याच अर्ध्याने कष्टाने काही बरोबर केलं, तर त्यालाही चूक म्हणायचं, तेही गोड हसून! पण नेम होता. “बरं,” एवढंच म्हणून त्या बाहेर पडल्या आणि व्हरांड्यातल्या नळावर तोंड धुतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी जाऊबाईंच्या झग्याची बटणं लावताना त्या म्हणाल्या, “हात उचला जरा.”

“उचलतेय की. माझं काहीच वेळेवर होत नाही म्हणतात, तूही म्हण.”

“मी कधी म्हटलं?”

जाऊबाईंनी मान वळवली. रोज सकाळचा हा वेळ त्यांना सगळ्यात जड जायचा. ज्या धाकटीला त्यांनी बोटं कुठे ठेवायची ते शिकवलं, तिच्यापुढे लहान पोरीसारखं उभं राहायचं आणि तिने गळ्यापर्यंत बटणं लावायची. केंद्रात जायला लागल्यापासून खालचं एक बटण त्या स्वतः लावू लागल्या होत्या. घाम फुटायचा, पण लावायच्या. बाकीच्यांपर्यंत पोचायचं तर ती खुर्ची हातची जाता कामा नये, हे दोघींनाही बोलून दाखवायची गरज नव्हती.

“खरं सांगू?” जाऊबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या. “आता माझं मलाच कळेनासं झालंय. मला ऐकू येतं तेव्हाच मी दाबते. पण एवढी शिकलेली माणसं म्हणतात उशीर होतो, म्हणजे माझ्या डोक्यातच काहीतरी मागे पडलं असेल. झटका डोक्यालाच आला होता ना.”

वायरबाईंच्या हातातलं बटण निसटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी या बाईला स्वतःच्या ठोक्याबद्दल शंका घेताना ऐकलं. प्रमुखांच्या सगळ्या बोलण्याने झाला नव्हता एवढा संताप त्यांना त्या क्षणी झाला.

त्यांनी दुपारच्या जेवणाची सुट्टी धरली. खोली रिकामी असायची. मोबाइल पुस्तकांच्या थप्पीला टेकवला, बटणं आणि पडदा दोन्ही दिसतील असा, आणि हळू गतीचं चित्रीकरण लावून स्वतः बटण दाबलं. मग ते पाहिलं. बोट खाली गेलं. बटण टेकलं. बोट परत वर निघालं, आणि त्यानंतर कुठे पडदा चमकला. तो तरी पडदा. आवाज तर त्याच्याही मागून, रेंगाळत, पाय ओढत आला.

“मेल्या,” वायरबाई यंत्राला म्हणाल्या. हळू आवाजातच.

मग त्या वाट शोधत गेल्या. खेळातून निघालेला ठोका थेट कानापर्यंत येतच नव्हता. खेळाने तो दुभाष्याला द्यायचा, दुभाष्याने आवाज सांभाळणाऱ्या प्रोग्रामला, त्याने पुढच्याला. आणि प्रत्येक जण थोडा थोडा साठवून मगच पुढे सोडायचा. चार जावांच्या तोंडून गेलेल्या निरोपासारखं, जी ती म्हणतेय, थांब, हातातलं संपवते. शेवटी तो पोचायचा भिंतीवरच्या बिनतारी स्पीकरकडे, ज्याचं प्रमुखांना भारी कौतुक होतं. तो तर सगळ्यांत निवांत.

त्यांनी प्रत्येकीचा साठा कमी केला. फार कमी केला तर आवाज तडतडायचा, म्हणून पुन्हा कणभर वाढवला. पडद्यावरच्या खिडक्यांना सावल्या आणि नक्षी देणारा प्रोग्राम प्रत्येक चित्र आधी सजवून मगच दाखवायचा; खेळ चालू असेपर्यंत त्याला रजा दिली. वीज वाचवायला डुलक्या घेणाऱ्या प्रोसेसरला जागं ठेवलं. बिनतारी स्पीकर काढून कपाटातले जुने, वायरवाले लावले. आणि अगदी शेवटी, विंडोजमधून एवढ्या जपून आणलेल्या सेटिंगमध्ये त्यांना तो आकडा सापडला. आवाज आणि पट्टी यांचा मेळ बसवणारा, विंडोजच्या मापाने शिवलेला. लिनक्सला तो झगा होतच नव्हता, आणि घातला होता त्यांनीच. मग तो नव्याने मापून बसवला.

गुरुवारी दुपारी पुन्हा चित्रीकरण केलं. बोट टेकलं आणि ठोका, चमक, सगळं एका जागी आलं. पट्ट्या लोण्यावरून घसरल्यासारख्या उतरत होत्या. वायरबाईंनी डोळे मिटून हात जोडले.

घरी मात्र त्या काही बोलल्या नाहीत. उद्या काही बिनसलं तर? आशा लावून पुन्हा तोंडघशी पाडायला नको. खुर्चीतच कळू दे.

जाऊबाईही त्या संध्याकाळी गप्प होत्या. टेबलाशी बसून चांगल्या हाताने लुळ्या उजव्या हाताची बोटं धरून काहीतरी घोटत होत्या. वायरबाईंना वाटलं, व्यायाम करताहेत.

शुक्रवारी खोलीत दोन खुर्च्या जास्त मांडल्या होत्या. आढाव्याआधी वायरबाईंनी प्रमुखांना गाठलं, मोबाइलवरचं चित्रीकरण दाखवलं, आधीचं आणि नंतरचं. “आजवरचे सगळ्यांचेच आकडे खोटे आहेत, साहेब. आढावा पुढे ढकला.”

प्रमुखांनी ते पाहिलं, तोंड जरा वाकडं केलं. “आता दुरुस्त झालंय ना? मग आज तरी खरं येईल. आजचं धरू. झालं?”

हे न्यायाचंच वाटलं. वायरबाई बाजूला उभ्या राहिल्या.

गाणं सुरू झालं. पहिली पट्टी रेघेकडे निघाली आणि जाऊबाईंनी बटण दाबलं.

पिवळं.

दुसरं. पिवळं. तिसरं, चौथं, पाचवं. पिवळं, पिवळं, पिवळं.

वायरबाईंना आधी काही उमगेना. मग त्यांनी जाऊबाईंचे डोळे पाहिले. त्या ऐकत नव्हत्या. पट्टी रेघेच्या वर असतानाच, ठोक्याच्या आधी, दात आवळून हाणत होत्या. मागच्या खुर्चीतून ड्रायव्हरकाका घाबऱ्या आवाजात कुजबुजले, “मी शिकवलं तसंच करताहेत हो! मग पिवळं कसं?”

जन्मभर ज्या बाईने ठोक्याआधी एक बोट पडू दिलं नाही, ती काल संध्याकाळी बसून स्वतःच्या हाताला खोटं बोलायला शिकवत होती.

“लाल गेलं, पिवळं आलं,” प्रमुख म्हणाले. “हिरवं कुठंय?” तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते व्हरांड्यात गेले.

जाऊबाई थांबल्या. पट्ट्या त्यांच्यासमोरून रिकाम्याच घसरत गेल्या. त्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं, जिथे स्पीकर नव्हता. मग टेबलावरच्या वायरवाल्या स्पीकरकडे. मग मान वळवून धाकट्या जावेकडे.

“तू काहीतरी केलंस,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“मला सांगायचं नाही?”

“तुम्ही सांगितलंत का?”

जाऊबाईंनी डोळे मिटले. थोडा वेळ नुसतं ऐकलं. ओठ जरासे हलत होते. मग लुळा हात उचलून बटणांवर ठेवला आणि ठोक्यावर, ठोक्यावरच, दाबलं.

हिरवं.

हात जड होता, मध्ये एकदा घसरला, एक पट्टी सुटली. पण पडलं ते बोट ठोक्यावरच पडत होतं. थेरपिस्ट पोरीने पेन खाली ठेवलं. ड्रायव्हरकाका मांडीवर ताल धरून बसले. डोळे मिटलेल्या जाऊबाईंना यातलं काहीच दिसत नव्हतं. गाणं संपलं तेव्हा प्रमुख आत आले, सरळ पडद्यावरच्या आकड्याकडे.

“एकूण? मागच्या वेळेसारखंच. सुधारणा नाही.”

“सर,” थेरपिस्ट पोरगी म्हणाली, आणि तिचा आवाज आज औषध पाजणारा नव्हता, “शेवटचा भाग बघा ना. जवळजवळ सगळा हिरवा होता. मी पाहिलाय.”

“एका गाण्याचा एकच आकडा असतो. तुझ्या डोळ्यांचा वेगळा रकाना नाही माझ्याकडे.”

वायरबाई पुढे आल्या. आवाज नेहमीचाच होता, किंबहुना जरा खालीच.

“साहेब, लाल होतं ते आपल्या यंत्राचं. पिवळं होतं तेही आपलंच, आपण शिकवलं त्यांना. त्यांचं स्वतःचं होतं ते फक्त हिरवं. तेवढंच तुम्ही मोजलं नाही.”

प्रमुखांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ते काही बोलतील असं क्षणभर वाटलं.

“पुन्हा अर्ज करा,” ते म्हणाले. “नंबर लागेल तेव्हा बघू.” आणि पुढच्या खुर्चीकडे वळले.

“नंबर माझा काढा!” ड्रायव्हरकाका गरजले. “माझं हिरवं खोटं आहे, सांगतो ना! काकूंना बसू द्या!”

“काका, तुम्हाला तसं वाटतं,” प्रमुख म्हणाले.

जाऊबाई तोवर उठल्या होत्या. ओढणी चांगल्या हाताने सारखी केली, थेरपिस्ट पोरीच्या गालाला हात लावला. “खेळ चांगला आणलास हो तू,” म्हणाल्या आणि चालू लागल्या.

भंगारात काढलेला एक संगणक वायरबाईंनी रीतसर परवानगी घेऊन घरी आणला. टाइपरायटर गेल्यापासून पुढच्या खोलीतलं ते लांब टेबल रिकामंच होतं. त्यांनी लिनक्स घातलं, दुभाषी बसवला, खेळ चढवला, साठे कमी केले, मापून मेळ जुळवला. बटणं जुन्या कीबोर्डचीच, वर रंगीत कागद चिकटवून. जाऊबाई खुर्चीत बसून सगळं बघत होत्या.

“लावू?”

“थांब. तो पडदा तिकडे फिरव.”

“कुठे?”

“भिंतीकडे. मला नाही बघायचं तोंड त्याचं.”

“अहो, पण पट्ट्या कशा दिसतील?”

“हे गाणं पाठ झालंय मला. तू आवाज तेवढा दे.”

वायरबाईंनी पडदा भिंतीकडे फिरवला, गाणं लावलं आणि आत जाऊन नळ सोडला. भांडी घासता घासता त्यांच्या कानावर पहिला ठोका आला, त्याबरोबर बटणाचा आवाज. मग दुसरा. मध्ये एक राहून गेला. मग पुन्हा. टक. टक. टक. किती वर्षांनी त्या खोलीतून हा आवाज येत होता. थोड्या वेळाने वायरबाईंच्या ध्यानात आलं की आपला हातही ताटावरून त्याच ठोक्यावर फिरतोय.

त्या हात पुसत दारात आल्या. जाऊबाई ताठ बसल्या होत्या, डोळे मिटून. झग्याची खालची दोन बटणं लावलेली होती, वरची उघडी. आणि त्यांच्यासमोर, फिरवलेल्या पडद्यामागच्या भिंतीवर, उजेडाचा एक चौकोन उमटत होता आणि विझत होता. हिरवा. हिरवा. पुन्हा हिरवा.

उंबऱ्यापाशी उभ्या राहून वायरबाई भिंत बघत राहिल्या.